तात्यांच्या टीव्हीतली तीस तारीख

आमच्या गोविंदतात्यांच्या टीव्हीत सलग सहा वर्षं तीस तारीख होती. बाहेर भाताची सहा पिकं निघाली, दोन सरपंच बदलले, माझ्या शाळेवर पत्र्याऐवजी स्लॅब पडला, पण तात्यांच्या टीव्हीत पुढची तारीख काही उजाडली नाही.

टीव्ही बिघडलेला नव्हता. त्यात एक व्हिडिओ गेम होता, शेतीचा. टोपी घातलेला एक गडी, त्याचं कुंपण घातलेलं शेत, एक गोठा आणि गोठ्यात एक गाय, तिला तात्या चंद्री म्हणत. त्या गड्याला घरात नेऊन खाटेवर निजवलं की दिवस संपायचा, त्या दिवसाचं सगळं काम मशीनच्या कार्डात जमा व्हायचं आणि दुसरा दिवस उजाडायचा. तात्या त्याला निजवतच नसत. रोज संध्याकाळी मशीन लावायचे. टीव्हीत तीस तारखेची सकाळ व्हायची. तो गडी कुंपणाकडेच्या फुलांना पाणी घालायचा, गायीला चारा टाकायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि टीव्हीत अंधारायला लागलं की तात्या मशीनच बंद करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सकाळ.

"अहो तात्या, त्या माणसाला जरा झोपू द्या की," मी म्हणायची.

"त्याची ड्युटी संपली नाय, बाई."

बाई म्हणजे मी. मी मूळची मुरबाडची, शाळेत शिक्षिका. शेणव्याच्या पुढच्या या गावात बदली झाली तेव्हा तात्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं मिळाली. आता सांगायचंच आहे तर खरं सांगते, माझा स्वभाव चांगला नाही. कुठं काही चुकलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. लग्नपत्रिका आली तरी मी आधी तिच्यातलं शुद्धलेखन तपासते आणि मग नवरा-नवरीची नावं वाचते. त्यात माझ्या भिंतीपलीकडे एक माणूस रोज तोच दिवस पुन्हा पुन्हा गिरवतोय, हे मला किती सोसत असेल याची कल्पना करा.

तात्यांची सगळी नोकरी कसाऱ्याला रेल्वेत झाली. कसाऱ्याला आलेली गाडी पुढचा घाट एकट्यानं चढत नाही. तिला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती तिला इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात. ही मागची इंजिनं जोडायचं काम तात्यांनी उभी हयात केलं, आणि त्यातून त्यांना जगाचं सगळं कोडं उलगडलं होतं. "मागून इंजिन लावल्याबिगर घाट चढत नाय," हे त्यांचं उत्तर. एखादं पोर नापास झालं, "मागून इंजिन लावा, बाई." दुधीचा वेल मांडवावर चढेना, तरी तेच. शेजारच्या म्हाताऱ्याचं पोट साफ होईना तेव्हाही तात्या एरंडेलाची बाटली घेऊन गेले आणि जाताना हेच वाक्य बोलून गेले.

निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळच्या एसटीनं डबा घेऊन कसाऱ्याला जात. फलाटावरच्या बाकावर बसून इंजिनं जोडताना बघत आणि संध्याकाळी पाचला परत येत. "नवीन पोरं नीट जोडतात का नाय, बघाया नको?" असं विचारत. त्यांना कोणी बघायला सांगितलं नव्हतं, पण त्यांनी एकही खाडा केला नाही.

ते घरी थोडे टिकावेत म्हणून त्यांच्या कल्याणच्या जावयानं ते व्हिडिओ गेमचं मशीन आणून दिलं. सोबत तीन सीड्या. पहिली मारामारीची. तात्यांनी आपला पैलवान तसाच उभा ठेवला आणि मार खाऊन घेतला. "वळख ना पाळख, कशाला मारू त्याला?" दुसरी मोटारींच्या शर्यतीची. तिच्यात ते प्रत्येक वळणावर गाडी उभी करून सिग्नल शोधायचे. सगळ्यांच्या मागून, पाऊण तासानं पोचले आणि म्हणाले, "पन एक बी अपघात नाय." तिसरी सीडी शेतीची निघाली आणि तात्या तिच्यात अडकले.

अडकले म्हणजे आधी भांडले. पहिली तक्रार, भात नाही. बटाटे आहेत, कोबी आहे, मका आहे. "भात नाय तर मंग शेती कसली? भाजीवाला हाय हा." दुसरी तक्रार जास्त गंभीर. आमच्याकडे पावसाआधी रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून त्या जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. राब भाजल्याशिवाय रोप जोमानं येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि टीव्हीतला गडी सरळ कच्च्या जमिनीत बी टाकायला निघालेला. तात्यांनी त्याला शेतभर फिरवून काटक्या गोळा करायला लावल्या, पण त्या पेटवायची सोय गेममध्ये नव्हती. शेवटी त्यांनी एका पत्र्यावर पालापाचोळा घेतला आणि टीव्हीसमोर, घरात, राब भाजला. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकीनं, हंडाभर पाणी ओतलं म्हणून घर वाचलं.

एवढं करून पेरणी काही झालीच नाही, कारण मृग लागला नव्हता. मृगाआधी तात्या बी टाकणार नाहीत. ते खऱ्या मृगाची वाट बघत बसले आणि तोवर टीव्हीत तीन वर्षं उलटली. तिथले गावकरी येऊन त्या गड्याला इंग्रजीत काहीबाही बोलायचे, बहुधा आळशी म्हणत असावेत. इंग्रजी अक्षरं आली की तात्या न वाचता बटण दाबून ती पुढं सरकवत. "साहेबाचं सर्क्युलर हाय," म्हणत. "उभ्या नोकरीत वाचला नाय, आता काय वाचू?"

काकी उंच, काळीसावळी, तोंडानं फटकळ. गेमवर तिचा राग. "टीव्हीत राबून कणगी भरते काय?" असं ती येताजाता विचारायची. पण तिचा खरा राग दुसराच होता आणि तो चांगला जुना होता. लग्नात सगळ्या मांडवानं आग्रह केला तरी तात्यांनी उखाण्यात तिचं नाव घेतलं नव्हतं. दातखीळ बसल्यासारखे बसून राहिले, वाजंत्रीवाले कंटाळून निघून गेले. पुढं सगळा संसार "अगो" आणि "ऐकला काय" यांवर झाला. गावात कुणाचंही लग्न निघालं की काकी चारचौघींत सुरू करायची, "आमच्यांनी अजून नाव घेतला नाय गो. आमची गाडी कसाऱ्यालाच उभी हाय."

"घेन की," तात्या म्हणायचे. "कायतरी निमित्त पायजे."

मग एका थंडीत काकी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, शहापूरला नेलं आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. मला ती फार आवडायची. भांडायला तिच्यासारखं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

तात्या रडले नाहीत. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं कसाऱ्याला गेले, संध्याकाळी आले, त्यांनी मशीन लावलं, आणि तेव्हापासून टीव्हीत तीस तारीख सुरू झाली. मी गणित शिकवते, दोन आणि दोन चार रोज फळ्यावर लिहिते, पण हा हिशोब मला जमला नाही. मी म्हटलं, वयोमानानं होतं असं.

पाच वर्षं रोज एकच सकाळ दाखवून मशीन थकलं. आधी ते सीडी वाचेना. मग कुणीतरी तात्यांना सांगितलं की उलटं ठेवलं तर चालतं, आणि खरंच चाललं. वर्षभर ते मशीन पाठीवर पडून होतं. मग एका संध्याकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि मशीन उलटं सुलटं कसंही चालेना.

दुसऱ्या दिवशी तात्या कसाऱ्याला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले. हातात काकीची पानाची डबी. ती उघडून त्यांनी मला मशीनचं ते कार्ड दाखवलं, ज्यात शेत जमा होतं ते. चुन्याच्या जागेवर कापूस घालून त्यात ठेवलेलं.

"जावई नवीन मशीन धाडतो बोलला. बाई, जुना डबा नव्या इंजिनाला लागंल ना?"

"म्हणजे?"

"कपलिंग बसंल ना? का शेत बी गेला?"

त्यांनी कार्डाखालचा कापूस बोटानं नीट केला. मी म्हटलं, लागेल हो तात्या, आणि मनात म्हटलं, एवढा काय जीव टाकायचा बटाट्यांवर.

नवीन मशीन रविवारी आलं. काळं, सडपातळ. जावयानं फोनवर सांगितलं की यात नव्या सीड्या तर चालतातच पण जुन्याही चालतात, जुनं कार्डही समोरच्या खाचेत बसतं. जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत नुकताच कॉम्प्युटर आलेला आणि त्याची धूळ पुसायची जबाबदारी माझ्यावर होती. तात्यांनी मला तसं जोडू दिलं नाही. आधी वायरी ओढून बघितल्या. मग डबीतून कार्ड काढून स्वतःच्या हातानं खाचेत बसवलं, कान लावून "खट्" आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग आत जाऊन ट्रंकेतून आपली शिट्टी आणि हिरवा झेंडा घेऊन आले.

"तात्या, हे काय?"

"शिट्टीबिगर गाडी हलत नाय."

ते टीव्हीपासून चार पावलं मागं, कणगीशेजारी ताठ उभे राहिले. दोनदा शिट्टी मारली. खिडकीत गाव जमलं. तात्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि मी बटण दाबलं.

टीव्ही काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. मग संगीत वाजलं, कुंपण दिसलं, कुंपणाकडेची फुलं दिसली, आणि वर कोपऱ्यात तीस तारीख. खिडकीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या झेंड्यासकट खाली बसले. "बसली कपलिंग," एवढंच बोलले आणि डोळे पुसून लगबगीनं आत गेले. "बसा बाई, चहा टाकतो."

गाव पांगलं. खोलीत मी, टीव्ही आणि तो गडी. सहा वर्षं न झोपलेला. माझे हात शिवशिवायला लागले. मनात आलं, नवीन मशीन आहे, नवीन सुरुवात होऊ दे, म्हाताऱ्याला कुणीतरी या तिसातून बाहेर काढायला हवंच. मागून इंजिन लावायला हवं. मी त्या गड्याला घरात नेलं आणि खाटेवर निजवलं.

पडदा अंधारला. कार्डात दिवस जमा झाला. एक तारीख उजाडली, ऋतू बदलला, आणि कुंपणाकडेची सगळी फुलं गेली. एकसुद्धा राहिलं नाही.

तात्या दोन कप घेऊन दारात उभे होते.

"ती फुलां तिनं लावलेली," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. ते कसाऱ्याला गेले की मागं काकी मशीन लावायची. संध्याकाळी तात्या बघायचे तर गायीचं चारापाणी झालेलं, आणि एके दिवशी कुंपणाकडेनं फुलं. तात्यांनी विचारलं तर म्हणाली, "मला काय ठाव? उगवली असतील." ताप आला त्याच दिवशी दुपारी तिनं फुलांना पाणी घालून गड्याला शेवटचं निजवलं होतं. तीस तारीख ही त्यानंतरची सकाळ. गेममधला ऋतू तीस दिवसांचा, त्यातला तो शेवटचा दिवस. पुढं गेलं की फुलं मरणार, हे तात्यांना ठाऊक होतं. म्हणून ते पुढं गेलेच नाहीत.

मी आजवर हजारो वह्यांवर लाल रेघा मारल्या आहेत. एकही अशी लागली नव्हती. तात्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. "प्या. निवंल," म्हणाले.

दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज नव्हता. मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मशीनचं संगीत ऐकू आलं आणि मी धावत गेले. तात्या गायीला चारा टाकत होते.

"फुलां गेली ती गेली," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "पन चंद्रीनं काय घोडा मारलाय? तिला उपाशी कशी ठेवू?"

मी शेजारी बसले. निदान आता तरी उपयोगी पडावं म्हणून पडद्यावर येणारं इंग्रजी वाचायला लागले. तात्या बटण दाबून पुढं सरकवणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"थांबा. तात्या, तुमची गाय गाभण आहे."

"कायतरीच. मी फळवली नाय."

"इथं स्पष्ट लिहिलंय. नऊ दिवस राहिलेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही केलं असावं. फोन कल्याणला लागला. त्यांची मुलगी सुमन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. काकी गेली त्याच्या आधीच्या दिवाळीला काकीनं तिला विचारलं होतं, या गायीला फळवायची कशी. सुमननं गेममधल्या दुकानातून औषध कसं घ्यायचं ते दाखवलं. "आई बोलली, तात्यांना सांगू नको. वासरू झाला की सर्क्युलर येईलच, तवा बघतील कसे न वाचता जातात."

सर्क्युलर तर सहा वर्षं टीव्हीतल्या रोजच्या सकाळी येत होतं. मी त्याच खोलीतून दूध आणायला जायची, मलाही इंग्रजी येत होतं, आणि आम्ही दोघांनीही ते वाचलं नव्हतं.

तात्यांनी गड्याकडून चंद्रीच्या पाठीवर पुन्हा एकदा हात फिरवून घेतला. "मागचा इंजिन दिसत नाय, बाई," ते म्हणाले. "पुढल्या ड्रायव्हरला वाटतो, आपूनच चढवतोय."

गावाला मात्र हसायला विषय मिळाला. सहा वर्षं गाभण राहिलेली गाय तालुक्यात दुसरी नव्हती. लोक येऊन टीव्हीतल्या गायीची तब्येत विचारायचे. तात्यांनी गोठ्यासाठी, म्हणजे टीव्हीसाठी, कडुलिंबाचा पाला आणून बांधला. दृष्ट काढली. ते रोज नेमानं गड्याला कामाला लावायचे, पण निजवायची वेळ आली की उठून बाहेर जायचे. ते बटण माझ्याकडे. "तुमीच निजवा," म्हणायचे.

दहाव्या दिवशी मी सातवीला व्याज शिकवत होते. शाळेच्या खिडकीत तात्या, कसाऱ्याला न जाता सकाळीच मशीन लावून आलेले. हातात हिरवा झेंडा.

"बाई! चंद्री व्याली!"

मी वर्ग सोडला. नोकरीत पहिल्यांदा सोडला. घरी पोचले तर तात्यांनी शेजारच्या म्हशीचा चीक आणून चुलीवर खरवस चढवलेला, गायीच्या नावानं वाटायला. टीव्हीत गायीशेजारी एक एवढंसं पांढरं वासरू उभं होतं, आणि पडद्यावर चौकोन आला होता.

"सर्क्युलर काय बोलतो?" तात्यांनी विचारलं.

"वासराचं नाव विचारतंय. काय घालू?"

दारात खरवसासाठी जमलेल्या बायका आत डोकावायला लागल्या. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. झेंडा गुंडाळून काखेत धरला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग टीव्हीतल्या वासराकडे बघत, एखादा नवा नवरदेव घेईल तसं, खालच्या आवाजात म्हणाले,

"कसाऱ्याचा घाट चढला, इगतपुरी आली,
हौसाचं नाव घेतो, चंद्री आमची व्याली."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी काकीच्या नावाची पाच इंग्रजी अक्षरं टाकली, एकेक तपासून. माझे डोळे भरले होते आणि मला शुद्धलेखनाची चूक करायची नव्हती.

खरवस वाटून झाला, बायका गेल्या, टीव्हीत अंधारायला लागलं. मी निजवायचं बटण दाबायला हात पुढं केला तर तात्यांनी रिमोट स्वतःकडे ओढून घेतला.

"आज मी निजवतो," ते म्हणाले. "सकाळी लवकर उठाया पायजे त्याला. घरात वासरू हाय."